शालेय ग्रंथालय व शोधाधिष्ठित अध्ययन

विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न उपस्थित करून पुराव्याच्या आधारे उत्तर शोधावे, हे शोधाधिष्ठित अध्ययनाचे तत्त्व होय. वडनेर भोलजीसारख्या गावातील शाळेस याकरिता बुलढाणा जिल्ह्यातच उत्तम विषय उपलब्ध आहे. तो म्हणजे लोणारचे विवर. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीमुळे निर्माण झाले, असे मत जुन्या ग्रंथांत आढळते. नव्या ग्रंथांत ते उल्कापातजन्य मानले आहे. शिक्षकाने निर्णय न सांगता दोन्ही ग्रंथ पुढे ठेवून ‘पुरावा कोणता?’ एवढेच विचारावे. तीव्र आघातानेच निर्माण होणारी काच तेथील बेसाल्ट खडकात आढळल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले, हे विद्यार्थ्यास शोधान्ती कळेल. मत का पालटले हे ज्यास उमगले, त्यास उत्तर पाठ करावे लागत नाही. म्हणून ग्रंथालयाने जुने ग्रंथ रद्दीत न घालता नव्यांच्या शेजारी ठेवणे इष्ट होय.