शिकारीचा परवाना आणि उसातला बिबट्या

कुकडी नदीवर येडगावचे धरण झाले, कालवे वाहू लागले, बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला, आणि वर्षभर न हटणाऱ्या त्या दाट, ओल्या आडोशाला बिबट्याने आपले घर मानले. तोडणीची टोळी फडात शिरली की पाचटाखाली डोळेही न उघडलेली पिले सापडतात. वनखात्याची माणसे ती क्रेटमध्ये घालून सांजवेळी त्याच जागी ठेवतात, आणि बहुधा त्याच रात्री मादी येऊन एकेक पिलू मानेला धरून उचलून नेते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हे इतके नित्याचे झाले आहे की त्याची बातमीही होत नाही. या प्राण्याला मारण्याची वा पकडण्याची परवानगी कोणी, कोणाला, कोणत्या कारणासाठी द्यावी, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि त्याचे मूळ शिकारीच्या परवान्याच्या इतिहासात आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार एकदम बंद केली असा सर्वसाधारण समज आहे, पण तो खरा नव्हे. त्या कायद्याच्या मूळ अनुसूचींत विशेष शिकार, मोठी शिकार आणि लहान शिकार अशी वर्गवारी होती. सांबर, चितळ, नीलगाय, रानडुक्कर हे प्राणी मोठ्या शिकारीत मोडत आणि फी भरून त्यांचा परवाना मिळू शके. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवान्यांची पद्धत मोडीत निघाली, आणि ते योग्यच झाले. परंतु ज्याच्यापाशी बंदूक, मोटार आणि फावला वेळ होता त्याच्यासाठी निदान काही वर्षे एक खिडकी उघडी राहिली. फासे लावून तितर धरणाऱ्या पारध्याला, किंवा ससा-घोरपडीवर दिवस काढणाऱ्या कातकऱ्याला, त्या खिडकीपाशी जाऊन उभे राहणेही शक्य नव्हते, कारण अर्ज, फी आणि दाखला या तिन्ही गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्या. पोटासाठी शिकार करणारा माणूस आपल्या कायद्याने फक्त निकोबार बेटांवर ओळखला. तेथील अनुसूचित जमातींचे हक्क कलम ६५ ने अबाधित ठेवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध, डिंक, मासे यांवरचा आदिवासींचा हक्क मान्य केला, पण शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात १९८० च्या कायद्याने संघराज्याच्या जमिनींवर ग्रामीण रहिवाशांच्या उदरनिर्वाहाच्या शिकारीला अग्रक्रम दिला. आपल्याकडची दाट वस्ती आणि उरलेले थोडके जंगल पाहता तसा नियम येथे चालणार नाही हे मी मानतो. मात्र ज्यांचा धंदा कायद्याने बुडवला त्यांना पर्यायी भाकरी देण्याची जबाबदारी त्याच कायद्याने घ्यावयास हवी होती, आणि ती घेतली नाही, हा अन्याय आहे.

आता शिकारीची परवानगी उरली आहे ती मुख्यतः १९७२ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये. कायद्याच्या लेखी पिंजऱ्यात पकडणे हीसुद्धा शिकारच, म्हणून पिंजऱ्यालाही परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्याविषयीचा हुकूम केवळ राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि तोही प्राणी मानवी जिवाला धोकादायक ठरला किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगी झाला तरच, कारणे लेखी नमूद करून. ठार मारण्याचा हुकूम तर त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे अशक्य असल्याची खात्री पटल्यावरच. गोठ्यातली शेळी नेली, वासरू फाडले, एवढ्याने तो अधिकार वापरता येत नाही. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असल्याने उभ्या पिकाचे नुकसान हेही कारण पुरते आणि अधिकार दिलेला खालचा अंमलदारही परवानगी देऊ शकतो. मुख्य वन्यजीव रक्षकांचे दफ्तर नागपुरास आहे; येडगावच्या शेतकऱ्याला ते किती दूर वाटत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात लहान मुलांसह माणसे बळी पडली, संतप्त लोक रस्त्यावर उतरले, आणि मग परवानगी मिळून एक बिबट्या गोळीने ठार झाला. त्यानंतर बिबट्याला दुसऱ्या अनुसूचीत टाकावे ही मागणी राज्याने पुढे केली. अनुसूची बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. हा बदल झाला तर परवानगीचे अंतर कमी होईल खरे, पण तिचे कारणही सैल होईल, आणि दुसरी गोष्ट मला चिंतेची वाटते.

कारण सैल हाताने बिबटे हटवण्याचा प्रयोग जुन्नरने एकदा निराळ्या रीतीने करून पाहिला आहे. २००१ नंतर येथे बिबटे सरसकट पकडून सरासरी चाळीस किलोमीटरांवरील जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्या मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते नंतर सतरावर गेले. मोकळ्या झालेल्या हद्दीत नवे जनावर येते, आणि अनोळखी मुलखात सोडलेले जनावर माणसाजवळ अधिक धोक्याचे ठरते.

म्हणून माझे मत असे की नरभक्षक ठरलेल्या बिबट्याविषयीचा निर्णय घेण्याचा अधिकार जुन्नरच्या वनविभागाजवळ तासाभरात पोहोचेल अशी सोय व्हावी, पण कारणे लेखी देण्याचे आणि तोच प्राणी असल्याची ठशांवरून व छायाचित्रांवरून खात्री करण्याचे बंधन मात्र राहावे. आणि परवान्याच्या या वादात एक साधी मागणी मागे पडू नये: शेतीपंपांची वीज दिवसा मिळाली, तर उसाला पाणी देण्यासाठी रात्री-अपरात्री दारे धरायला जाण्याची वेळच शेतकऱ्यावर येणार नाही, आणि त्यासाठी नागपूरचा वा दिल्लीचा कोणताही वनकायदा बदलावा लागत नाही.