ओपन स्पेस नेमकी कोणाची?
लेखमाला : आपली जागा, आपला कायदा (भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण बिनशेती आदेश पाहिला. तो आला, लेआउट मंजूर झाला, प्लॉट विकले गेले, की फाइल कपाटात जाते. धुळ्यात देवपूर घ्या, साक्री रोड घ्या की वलवाडी, खरी भांडणं त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी उभी राहतात.

मंजूर नकाशात एक हिरवा तुकडा असतो, त्यावर ‘ओपन स्पेस’ लिहिलेलं असतं. २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत किमान दहा टक्के जागा अशी खुली सोडावी लागते. कॉलनीवाले तिथे मारुतीचं देऊळ बांधतात, नवरात्रात मंडप घालतात, पोरं क्रिकेट खेळतात. त्या तुकड्याचा सातबारा मात्र कुणी काढून बघत नाही. त्यावर पुष्कळदा मूळ मालकाचंच नाव असतं. तो गेला की वारसांची लागतात. मग त्यांच्यातलाच कुणी ‘सुधारित लेआउट’ घेऊन नगररचना विभागात जातो. ओपन स्पेस नाल्याच्या कडेला सरकवायची आणि रस्त्याला लागून चार प्लॉट पाडायचे. कॉलनीला पत्ता लागतो तो चुन्याची फक्की पडल्यावर. प्लॉटच्या कॉलनीत सोसायटी बहुधा नोंदलेलीच नसते, तेव्हा कुणी विचारायचं म्हटलं तरी विचारणार कोणाला?

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून वाट्टेल ते करता येत नाही. पंडित चेतराम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महापालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोघांचेही कान धरले. लेआउट मंजूर केला म्हणून पालिकेला ती जागा फुकटात मालकीची करून घेता येत नाही. आणि मालक तिचा फक्त विश्वस्त उरतो, दुसऱ्या कामासाठी ती वापरू शकत नाही. त्याआधी बंगळूरला उद्यानाची जागा रुग्णालयाला दिल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला होता, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. तिथे दाद मागायला गेले होते ते आजूबाजूचे रहिवासी.

फ्लॅटवाल्यांची कथा वेगळी. १९६३ च्या मोफा म्हणजे सदनिका मालकी कायद्याचं कलम ७ धरून १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘कल्पिता एन्क्लेव्ह’ प्रकरणात रहिवाशांच्या संमतीशिवाय वाढीव इमारत नाही, असं ठरवलं. सरकारने लगेच ७-अ आणून मंजूर लेआउटमधल्या जादा इमारतींना वाट करून दिली. बिल्डरांची गाऱ्हाणी इतक्या चपळाईने ऐकली जातात, एवढं नमूद करून पुढे जातो.

आता रेराच्या कलम १४ प्रमाणे मंजूर लेआउट बदलायला प्रवर्तक सोडून दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. कुणी घरच्यांच्या नावावर चार प्लॉट घेतले असले तरी मत एकच. हे प्लॉटच्या प्रकल्पांनाही लागू आहे. पण कायदा २०१६ चा, देवपुरातले जुने लेआउट त्याआधीच संपलेले.

तिथल्या प्लॉटधारकांच्या हाती उरतो १९६६ चा नगररचना कायदा. त्यातल्या कलम ४७ खाली सरकारकडे अपील करता येतं ते फक्त अर्जदाराला, शेजाऱ्याला नाही. मला हा एकतर्फी कारभार वाटतो. म्हणून प्लॉटधारकांनी मंजूर नकाशाची सही-शिक्क्याची नक्कल माहिती अधिकारात आधीच काढून ठेवावी, आणि फक्की पडण्याची वाट न बघता महापालिका आयुक्तांकडे लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. दिवाणी न्यायालय किंवा औरंगाबाद खंडपीठ गाठायचं झालं, तर तिथे पहिल्यांदा हेच दोन कागद मागतात.

पुढच्या आठवड्यात : लेआउटच नसलेल्या वस्त्या आणि गुंठेवारी.