एक आकडा, एक जागा



मागच्या सत्रात आपल्या वर्गाची जागा बदलली. नवा पत्ता आम्ही फळ्यावर लिहिला, पालकांच्या चिठ्ठीतही लिहिला. पण वेळापत्रकाच्या प्रतींवर जुनाच राहिला. त्यावर विसंबून दोन मुले आईबरोबर भर पावसात जुन्या सभागृहाच्या बंद दारापाशी अर्धा तास उभी राहिली. चूक आमचीच. पत्ता लिहिला तीन ठिकाणी आणि बदलला दोनच ठिकाणी!

आपल्या वर्गातल्या अनेक मुलांचे आईबाबा संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. त्यांनाही नेमकी हीच अडचण येते. इथले, जपानचेच उदाहरण घेऊ.

दुकानात आपण शोहिझेई भरतो, म्हणजे आपल्याकडच्या जीएसटीसारखा कर. १ एप्रिल १९८९ ला तो सुरू झाला तेव्हा ३ टक्के होता. एप्रिल १९९७ मध्ये ५, एप्रिल २०१४ मध्ये ८ आणि १ ऑक्टोबर २०१९ ला १० टक्के झाला.

आता इंटरनेटवरचे एक दुकान डोळ्यांसमोर आणा. ते जावा भाषेत लिहिले आहे. एक भाग किंमत दाखवतो, दुसरा बेरीज करतो, तिसरा पावती छापतो. अशा भागांना सर्व्हलेट म्हणतात. प्रत्येकाने आपापल्या पोटात ८ लिहून ठेवला आणि १ ऑक्टोबरला एक भाग बदलायचा राहिला, तर? १००० येनच्या छत्रीला पडद्यावर ११०० येन आणि पावतीवर १०८०! मग सगळे ८ शोधून १० करावेत का? छे! एखादा ८ सकाळच्या आठ वाजताचा असेल, एखादा डब्यातल्या आठ लाडवांचा.

म्हणून दर एकाच जागी लिहितात. जावाच्या दुकानात वेब-इन्फ नावाच्या कप्प्यात वेब डॉट एक्सएमएल ही फाइल असते. तिथे 'कॉन्टेक्स्ट पॅरॅम' म्हणून नाव आणि किंमत लिहिली, की दुकानातला कोणताही सर्व्हलेट नाव घेऊन ती मागू शकतो. हे झाले स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कालनिर्णय, सगळ्या घरासाठी एकच. त्याच फाइलीत 'इनिट पॅरॅम'ही लिहिता येतो; पण तो एकाच सर्व्हलेटला दिसतो, जशी आपल्या दप्तरातली डायरी. कर सर्वांना लागतो, म्हणून तो भिंतीवरच हवा.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. फाइलीतला १० हा आकडा नसून अक्षरे असतात. प्रोग्रॅम सुरू होतानाच त्यांचा आकडा करून ठेवावा; नोंद चुकली असेल तर तिथेच कळते, गिऱ्हाईक पैसे भरत असताना नव्हे. आणि फाइल बदलली, की प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा लागतो.

पण एवढ्याने भागत नाही. २०१९ मध्ये खाद्यपदार्थांवरचा कर ८ टक्केच ठेवला. दारू आणि हॉटेलात बसून खाणे मात्र त्यातून वगळले. म्हणजे दर दोन झाले, आणि प्रत्येकाला वेगळे नाव हवे. शिवाय ३० सप्टेंबरला घेतलेली छत्री ऑक्टोबरात परत केली, तर पैसे ८ टक्क्यांच्या हिशेबानेच द्यायला हवेत. म्हणून दराशेजारी तो कधीपासून लागू झाला ती तारीखही लिहावी. नवा दर आला म्हणून जुना पुसून चालत नाही.

आता वर्गाचा पत्ता आम्ही या अंकाच्या पहिल्या पानावरच छापतो. बाकी चिठ्ठ्यांवर फक्त 'पहिले पान पाहा' असे लिहितो. पण एकाच जागी लिहिलेले चुकले तर सगळ्यांचेच चुकते! म्हणून ते पान छापण्यापूर्वी आम्ही दोघेजण वाचतो.

घरी करून पाहा: ऑक्टोबर २०१९ च्या दराने ५०० येनची वही आणि ५०० येनचे तांदूळ घेतले, तर एकूण किती येन द्यावे लागतील? उत्तर पुढच्या अंकात.