दूध आटलेली शेळी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जुन्नर म्हटले की नाणेघाटचा पाऊस आणि कुकडी प्रकल्पाची धरणे डोळ्यांपुढे येतात. पण याच तालुक्याच्या पूर्वेला आणे पठार आहे. आणे, पेमदरा, नळवणे ही गावे उंचावर. कालव्याचे पाणी तिथवर चढत नाही. आंबेगावातही डिंभे धरण पश्चिमेला आणि लोणी-धामणीकडे कोरडे माळ. अशा भागात शेळी म्हणजे चहापुरते दूध आणि अडीनडीला मोडायचा दागिना.

मी पशुवैद्यक. एका उन्हाळ्यात पठारावरच्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर, शेळीचं दूध आटलं. इंजेक्शन द्या, नाही तर येत्या बाजारी बेल्ह्याला नेऊन विकते." शेळी महिन्यापूर्वी व्यालेली, दोन करडे, घरात लहान नात. मी टॉनिक दिले. आठ दिवसांनी पाहिले तर फरक काहीच नाही. मग जो प्रश्न आधी विचारायला हवा होता तो विचारला, "पाणी किती वेळा पाजता?"

"टँकर दिवसाआड येतो. उरलं तर संध्याकाळी एकदा."

चूक माझीच होती. दुधाच्या १०० भागांत सुमारे ८७ भाग पाणी असते. शेळी काटक खरी, तहान सोसते. पण तहानलेली शेळी चारा कमी खाते आणि दूध आधी आटवते. जीव वाचवायची ती तिची रीत आहे.

दुसरी गोष्ट चाऱ्याची. गाभणपणाच्या पाच महिन्यांतील शेवटच्या दीड महिन्यात करडू झपाट्याने वाढते आणि कासही तयार होते. नेमकी तेव्हाच उपासमार झाली, तर व्याल्यावर कितीही खुराक द्या, तूट पूर्ण भरत नाही. बाभळीच्या शेंगा, शेवरी, बोरीचा पाला वाळवून ठेवावा. सुबाभूळ चांगली, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको.

तिसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे बिबट्याच्या धास्तीने गोठा चहूबाजूंनी बंद करतात. पत्र्याखाली शेळी रात्रभर धापा टाकते आणि सकाळी दूध कमी देते. निम्म्या भिंतीवर मजबूत लोखंडी जाळी लावली, तर बिबट्या बाहेर राहतो आणि वारा आत येतो.

वेताचाही फरक पडतो. पहिलारू शेळी कमीच दूध देते. तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत ते वाढते. म्हणून पहिल्या वेतावरून शेळीला नावे ठेवू नयेत. जंतांचे औषध आणि पावसाळ्यापूर्वीची आंत्रविषाराची लस चुकवू नये. सड गरम, सुजलेला वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

काहीजण विचारतात, परदेशी सानेन आणावी का? स्वित्झर्लंडच्या थंड हवेत, भरपूर चाऱ्यावर ती तीन लिटरच्या वर दूध देते. आपल्या माळावर तो थाट कुठून आणायचा? पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांची संगमनेरी शेळी दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर देते, पण इथल्या उन्हात आणि इथल्या पाल्यावर देते.

आजींनी डाळ-तांदूळ धुतलेले पाणी साठवून, चिमूटभर मीठ घालून सकाळ-संध्याकाळ पाजायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत करडांना पाजून नातीपुरते पेलाभर दूध निघू लागले. ते उकळूनच द्या, एवढे मी बजावले.

शेळी बाजारात गेली नाही.