शोधनिबंधांची यादी कशी वाचावी

डॉक्टरांच्या परिचयात ‘अमुक इतके शोधनिबंध प्रसिद्ध’ असं हल्ली आवर्जून छापतात. त्या आकड्याने दबून न जाता ती यादीच उघडून पाहावी. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी बसूनही ती मोबाइलवर फुकट दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ‘पबमेड’ ही सूची सगळ्यांना खुली आहे.

उदाहरणाला आपल्या विदर्भातलंच नाव घेऊ: गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग. सूचीत आडनाव आधी येतं, मग आद्याक्षरं. नुसतं ‘बंग’ रोमन लिपीत टाकलं तर कोरियातल्या संशोधकांचीही रांग लागते, कारण त्या स्पेलिंगचं आडनाव तिकडेही आहे. म्हणून आद्याक्षरं टाकायची आणि पत्त्यात गडचिरोली आहे ना, ते बघायचं.

आता यादी जुन्याकडून नव्याकडे वाचायची. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरचा निबंध आहे, त्यात पहिलं नाव त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांचं. वैद्यकीय निबंधात पहिलं नाव बहुधा कामाचा मुख्य भार उचलणाऱ्याचं असतं. १९९० साली त्याच नियतकालिकात बालकांच्या न्यूमोनियावरचा निबंध आला. आणि १९९९ साली आला नवजात बाळांवरचा. तो मात्र सावकाश वाचायला हवा.

त्यात आधी १९९३ ते ९५ नुसती मोजदाद केली आहे: कुठे किती बाळं जन्मली, किती दगावली. मग ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या गावातल्याच बायांनी घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेतली. बाळ जन्मताच श्वास घेत नसेल तर काय करायचं, त्याला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. तुलनेसाठीच्या ४७ गावांत हे काही नव्हतं. काळजीच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे अठ्ठावीस दिवसांच्या आत ६२ बाळं जात होती. तिसऱ्या वर्षी ती संख्या २५.५ वर आली. तुलनेच्या गावांत ती साठाच्या आसपासच राहिली. ही दुसरी गावं नसती तर कुणीही म्हटलं असतं की काळच सुधारला, पाऊस चांगला झाला. निबंधाचं सगळं बळ त्या ४७ गावांत आहे.

मर्यादाही तिथेच शोधायची. ही गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. त्यामुळे पुढचा प्रश्न असा, की दुसऱ्या कुणी, दुसरीकडे, चिठ्ठ्या टाकून तसंच करून पाहिलं का? पाहिलं. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये घरी जाऊन काळजी घेतलेल्या गटात नवजात मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी घटले. तो निबंध २००८ चा. निष्कर्ष परक्या मातीतही उभा राहतो का, ही परीक्षा मला निबंधांच्या संख्येपेक्षा मोठी वाटते.

हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांसाठीही रीत हीच. ‘सर्च’मधूनच २०१५ साली डॉ. योगेश्वर कालकोंडे यांचा निबंध आला. गावोगावचे मृत्यू नोंदवून, कारणं विचारून त्यांनी दाखवलं की ग्रामीण गडचिरोलीत पक्षाघात हे मृत्यूचं सर्वांत मोठं कारण आहे, १४.३ टक्के. आदिवासी, गरीब मुलखात माणसं साथीच्या तापानेच जातात, या समजाला हा धक्का होता. डॉ. अभय बंगांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक मराठीत कितीतरी घरांत आहे, पण ते या सूचीत सापडायचं नाही. ती वैद्यकीय नियतकालिकांतल्या लेखांची सूची आहे, घराघरांत वाचल्या जाणाऱ्या मराठी पुस्तकांची नव्हे.

निबंध छापून झाला की काम संपलं, असं नसतं. २०११ पासून केंद्र सरकारने आशाताईंकडून नवजात बाळांच्या अशाच घरभेटी सुरू केल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट ठरलेली आहे. घरी जन्मलेल्याला पहिल्या दिवशीही. आशाताई दारात आल्या की ‘बाळ झोपलंय’ म्हणून परत पाठवू नका. बाळाचं वजन करू द्या, ताप पाहू द्या, आणि वजन किती भरलं ते विचारून घ्या.