स्रावी रायबोन्यूक्लिएज

स्रावी रायबोन्यूक्लिएज ही पेशीबाहेर स्रवणारी व आरएनएचे तुकडे करणारी विकरे (एन्झाइमे) होत. पृष्ठवंशी प्राण्यांतील अशी बहुतेक विकरे 'रायबोन्यूक्लिएज ए' या कुलात मोडतात. मानवात या कुलातील ८ क्रियाशील विकरे असून त्यांची जनुके १४व्या गुणसूत्रावर आहेत. पचन व जंतुप्रतिकार ही त्यांची प्रमुख कार्ये होत. मात्र एकच विकर एके ठिकाणी रक्षक, तर दुसरीकडे घातक ठरू शकते.

रचना

गाईच्या स्वादुपिंडातील रायबोन्यूक्लिएज ए हे या कुलाचे आद्य उदाहरण होय. त्यात १२४ अमिनो आम्ले व ४ डायसल्फाइड बंध असतात. त्यावरील संशोधनासाठी ख्रिश्चन अँफिन्सेन, स्टॅनफर्ड मूर व विल्यम स्टाइन यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कार्ये

रवंथ करणाऱ्या प्राण्यांत स्वादुपिंडातील विकर जठरातून आलेल्या सूक्ष्मजीवांचे आरएनए पचवते. मानवात क्रमांक १चे विकर रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातूनही स्रवते. इजा झालेल्या पेशींतून बाहेर पडलेले आरएनए रक्त गोठण्यास चालना देते. हे विकर त्याचे विघटन करते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींतील क्रमांक २चे विकर काही विषाणूंना निष्प्रभ करते, तर क्रमांक ३चे जीवाणू व परजीवी कृमींना मारते. क्रमांक ७चे विकर त्वचेचे व मूत्रमार्गाचे जंतूंपासून रक्षण करते. जीवाणूंचा नाश अनेकदा आरएनए तोडल्याने नव्हे, तर त्यांच्या आवरणाला छिद्रे पडल्याने होतो.

रोगांशी संबंध

दम्यामध्ये क्रमांक ३चे विकर श्वासनलिकांच्या अस्तरालाच इजा करते. क्रमांक ५चे विकर, अँजिओजेनिन, १९८५ मध्ये मानवी कर्करोगपेशींच्या संवर्धनद्रवातून वेगळे करण्यात आले. ते नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देत असल्याने अर्बुदाला रक्तपुरवठा मिळण्यास मदत होते. उलट, त्याची क्रिया मंदावणारी उत्परिवर्तने एएलएस या चेतापेशींच्या असाध्य रोगाच्या काही रुग्णांत आढळली आहेत. त्यामुळे अँजिओजेनिनला सरसकट रोखणे वा वाढवणे, दोन्ही जोखमीचे ठरू शकते. 'टी२' या वेगळ्या कुलातील विकराच्या जन्मजात अभावी बालकांच्या मेंदूतील श्वेतद्रव्याचा विकार होतो.

निरोधक व औषधोपचार

पेशीद्रवातील निरोधक प्रथिन आत शिरलेल्या रायबोन्यूक्लिएजला घट्ट बांधून पेशीच्या स्वतःच्या आरएनएचे रक्षण करते. उत्तर अमेरिकेतील लेपर्ड बेडकाच्या अंड्यांतील ऑन्कोनेज हे विकर या निरोधकाच्या तावडीतून निसटते व कर्करोगपेशींना मारते. फुप्फुसावरणाच्या कर्करोगावर त्याच्या चाचण्या झाल्या. तथापि ते प्रचलित उपचार ठरलेले नाही.