बॉल पायथनचा उपास

युरोप-अमेरिकेत बॉल पायथन पाळणाऱ्या घरांत हिवाळा तोंडावर आला की एक ठरलेली काळजी सुरू होते : साप जेवत नाही. पुढ्यात उंदीर धरला तरी तोंड फिरवतो, नाहीतर अंगाची गुंडाळी करून डोकं मधोमध दडवतो. एक आठवडा जातो, चार जातात, दोन महिने होतात. मालकाच्या मनात नाही नाही ते यायला लागतं. आजारी असेल, रुसला असेल, पहिल्या मालकाची आठवण येत असेल. या सगळ्या गोंधळात निवांत असतो तो एकटा साप.

हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनच्या गवताळ पट्ट्यातला अजगर. लांबी सहसा दीड मीटरपर्यंत. दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून राहायचं आणि रात्री बाहेर यायचं, हा त्याचा दिनक्रम. खाणं मिळेल तेव्हा खायचं आणि बाकीचा काळ जवळजवळ बंद पडून राहायचं, अशी त्याच्या शरीराची घडण आहे. विणीच्या हंगामात नर महिनोन्‌महिने अन्नाला तोंड लावत नाहीत. अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली मादी सुमारे दोन महिने उठत नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, तेव्हाही बहुतेक साप जेवण नाकारतात. मार्शल मॅक्यू या संशोधकाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बॉल पायथनसह तीन जातींच्या सापांना जवळजवळ सहा महिने उपाशी ठेवलं होतं. काहींनी आपला चयापचयाचा वेग ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला, आणि त्या उपासातही सापांची लांबी थोडी वाढली.

तेव्हा साप जेवला नाही की पहिली नजर सापाकडे नव्हे, थर्मामीटरकडे गेली पाहिजे. पेटीची उबदार बाजू ३१-३२ अंशांच्या आसपास हवी, थंड बाजू २५-२६, आणि दोन्हीकडे अंग घट्ट बसेल अशी लपायला जागा. ऐसपैस, उघडी, झगझगीत काचपेटी माणसाला प्रशस्त वाटते. बिळात राहणाऱ्या प्राण्याला ती मोकळ्या मैदानात बसवल्यासारखी. नवा आणलेला साप आठवडाभर हात न लावता ठेवला की पुष्कळदा आपणहून जेवतो. दर दोन दिवसांनी उंदीर नाचवून मनधरणी केली तर मात्र आणखी बिथरतो. खरी काळजी करायची ती वजनाची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे कामाला येतो. दीड किलोच्या सापाचं वजन दीडशे ग्रॅमने उतरलं, किंवा श्वासाबरोबर घरघर, तोंडात चिकट लाळ दिसली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा.

याच उपासातून ती जगभर फिरणारी गोष्ट निघाली आहे. एका बाईचा पाळलेला अजगर खाईना, रात्री तिच्याशेजारी सरळ ताणून झोपू लागला. डॉक्टर म्हणाले, बाई, तो तुम्हाला गिळायला पोट रिकामं करतोय आणि तुमची लांबी मापतोय. गोष्ट झकास आहे, खरी नाही. अजगर दबा धरून शिकार करतो. समोर आलेल्या भक्ष्यावर झेप घेतो, गिळता आलं तर गिळतो, नाही आलं तर सोडून देतो. तो मापं काढत बसला, तर शिकार तोवर पळून गेलेली असेल. आणि उपासाने पोटात ‘जागा’ होत नाही, उलट आतडं आकसतं. स्टीफन सीकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी बर्मी अजगरांवर केलेलं काम या बाबतीत प्रसिद्ध आहे : मोठा घास पोटात गेल्यावर चयापचयाचा वेग कित्येक पट, क्वचित चाळीस पटींपर्यंत चढतो आणि आतड्याचं वजन एक-दोन दिवसांत दुप्पट होतं. जेवण संपलं की यंत्रणा पुन्हा आवरून ठेवली जाते. २००५ साली ‘नेचर’मध्ये तर ४८ तासांत हृदयाच्या जवनिकेतल्या स्नायूंचं वजन ४० टक्क्यांनी वाढल्याची नोंद आली, पुढच्या काही प्रयोगांत ही वाढ तेवढी सापडली नाही, एवढं सांगायला हवं. साप माणसाला चिकटून पडतो तो उबेसाठी. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर २०१७ साली एका माणसाला अजगराने गिळलं होतं, हे खरं. पण तो सात मीटरच्या आसपासचा, जंगलातला रेटिक्युलेटेड पायथन होता. बॉल पायथनला मोठा उंदीर पुरतो.

आता उंदराचं. ‘जिवंत भक्ष्य दिलं नाही तर साप खाणार नाही, खाल्लं तरी अंगी लागणार नाही,’ असं सांगणारे अजून भेटतात. खाणाऱ्या सापाला जिवंतपणाशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला ऊब आणि वास हवा असतो. बॉल पायथनच्या ओठांवर खाचा असतात आणि त्यांतून त्याला उष्णता ‘दिसते’. म्हणून गोठवलेला उंदीर फ्रीजमध्ये पूर्ण वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा. मायक्रोवेव्हचं नाव काढू नये. आतून शिजतो, फुटतो. (शाकाहारी मराठी घरातल्या मुलाने न्यू जर्सीत हा साप पाळला, तर फ्रीजरमधल्या मटाराच्या पिशवीशेजारी काय ठेवलंय यावरून जे होईल, त्याला या लेखात उत्तर नाही.) लांब चिमट्याने धरलेला उंदीर डोक्याकडून किंचित अधिक गरम असला की फरक लगेच कळतो. जीभ भराभर आतबाहेर होते, मान इंग्रजी एससारखी मागे ओढली जाते, आणि डोळ्याला कळायच्या आत उंदीर दोन वेढ्यांत असतो. मेलेलाच उंदीर, तरी साप मिनिटामिनिटांनी विळखा आवळत राहतो. मग हळूहळू सैल होतो, जिभेने चाचपत डोकं शोधतो आणि डोक्याकडूनच गिळायला लागतो.

जिवंत उंदीर ठेवण्यात धोका सापालाच आहे. भूक नसलेल्या सापाच्या पेटीत रात्रभर सोडलेला उंदीर त्याची पाठ कुरतडतो. मणक्यापर्यंत गेलेल्या अशा जखमा पशुवैद्यांच्या ओळखीच्या आहेत. अंड्यातून नुकतंच निघालेलं एखादं पिल्लू सुरुवातीला हलणारंच भक्ष्य घेतं, ही अडचण खरी. तेव्हाही समोर बसून, लक्ष ठेवून द्यावं, आणि लवकरात लवकर सवय मोडावी.

विळख्याने हाडं मोडतात, श्वास कोंडतो, या दोन्ही जुन्या समजुती. स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली बोआ सापांचे विळखे मोजले. भूल दिलेल्या उंदरांचा रक्तदाब काही सेकंदांतच कोसळला. म्हणजे आधी थांबतो तो रक्तप्रवाह, श्वास नंतर. त्याच गटाने २०१२ मध्ये मेलेल्या उंदरांच्या छातीत कृत्रिम हृदय बसवून दाखवलं होतं की ठोके जाणवत असले की बोआ जास्त वेळ आवळत राहतो. जबडा ‘निखळतो’ म्हणतात, तेही तसं नाही. खालच्या जबड्याचे दोन्ही भाग पुढे हाडाने जोडलेलेच नसतात, मधे ताणली जाणारी ऊती असते. एक बाजू पुढे सरकते, धरते, मग दुसरी. गिळताना श्वासनलिकेचं तोंड नळीसारखं बाहेर काढून तो श्वासही घेत राहतो. शेवटी दोन-चार जांभया येतात. ती झोप नव्हे, जबडा जागेवर बसवणं.

‘पेटीतच खायला दिलं तर साप चिडका होतो, म्हणून वेगळ्या डब्यात नेऊन भरवा,’ हा सल्ला इतका पसरलाय की डबे विकणाऱ्यांचं भलं झालं असावं. पेटीत जेवल्याने स्वभाव बदलतो याला आधार नाही. चावण्याचं कारण बहुतेक वेळा उंदराचा वास लागलेला उबदार हात असतो. उलट जेवण झाल्याझाल्या त्याला उचलून परत पेटीत ठेवणं हा चावा खाण्याचा हमखास मार्ग आहे. हात घालण्याआधी साप हाताळायची आकडी अंगावर हलकी टेकवली की जेवणाची वेळ नाही हे त्याला कळतं.

जास्त खाऊ घालण्याचा मोह उलट्या दिशेचा, पण तितकाच वाईट. पूर्ण वाढलेल्या सापाला दोन ते चार आठवड्यांतून एकदा, त्याच्या सर्वांत जाड भागाइतक्या जाडीचा उंदीर बास होतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने २०२० साली, साठीच्या पुढे, सात अंडी घातली. इतकं आयुष्य ज्याचं आहे, त्याला दोन वर्षांत फुगवून विकण्याजोगा करायची घाई कशाला?

आपल्याकडे सापाच्या खाण्याची चर्चा नागपंचमीच्या दुधाशी येऊन थांबते. साप दूध पीत नाही. गारुड्याने तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते पितो, आणि दूध त्याला बाधतं. भारतीय अजगर पाळण्याचा तर प्रश्नच नाही : १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, आणि तो बाळगणं गुन्हा आहे. परदेशी बॉल पायथन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्‌स करारात येतो. २०२२च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांना कायद्यात जागा मिळाली आणि २०२४च्या नियमांनी त्यांची नोंदणी बंधनकारक झाली.

तरी अजगराचं खाणं महाराष्ट्रातल्या गावांनी जवळून पाहिलेलं आहे. खुराड्यात शिरून कोंबडी गिळलेला अजगर लोकांनी घेरला, सर्पमित्राने शेपटाला धरून ओढला की तो गिळलेलं ओकून टाकतो. जमलेल्यांना वाटतं, चोरी पकडली म्हणून त्याने माल परत केला. जड पोटाने पळता येत नाही, म्हणून तो ओझं टाकतो, इतकंच. घरातल्या पाळीव सापालाही जेवणानंतर दोन दिवसांच्या आत हाताळलं, किंवा पेटी गार राहिली, तर हेच होतं. ओकताना पोटातलं आम्ल वर येऊन अन्ननलिका भाजते, म्हणून त्यानंतर दोन आठवडे काही द्यायचं नाही, फक्त पाणी. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर.